कात्रीवर आलेला आळ

कुंभार पिंपळगावच्या पेठेत खत-बियाण्यांच्या दुकानांची रांग जेथे संपते, तेथे पत्र्याचे एक लहान दुकान आहे. त्याच्या पाटीवर ‘शिवकन्या लेडीज टेलर’ असे लिहिलेले आहे. ही पाटी ज्या बाईंनी मला वाचायला शिकविली, त्यांच्याविषयी हे लेखन आहे. वयाने त्या माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत. तरीही मी त्यांना शिवकन्याबाई म्हणते, कारण जिल्हा परिषद शाळेच्या ओसरीवर भरणाऱ्या साक्षरता वर्गात त्या शिक्षिका आहेत आणि मी विद्यार्थिनी आहे. माझे नाव चांगुणाबाई. आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच आहे. त्यामुळे पुढे जे सांगत आहे, ते ऐकीव नाही.

शिवकन्याबाईंचा स्वभाव कोणाची भीड धरणारा नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने ब्लाऊज परत आणून आदळला.

“कसा शिवलास गं? पार घट्ट झालाय.”

“माप तेच आहे, काकू. ब्लाऊज न्हाई आटला, दिवाळी तुमच्या अंगाला लागली.”

बाई हसत सुटली आणि उसवून घेऊन गेली. असे हे बोलणे. पण काम मात्र अत्यंत पद्धतशीर. प्रत्येक गिऱ्हाइकाचे माप त्या आधी जुन्या वर्तमानपत्रावर उतरवितात, कागद कापतात आणि तो कागद कापडावर ठेवूनच कात्री चालवितात. कागदी कटिंग नीट असेल तर कापड कधी चुकत नाही, असे त्या वर्गातही सांगतात.

दोन हजार बावीस सालच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होते. शिवकन्याबाईंना सहावा महिना चालू होता. दुपारपासूनच पेठेतील बहुतेक दुकानांची शटरे खाली आली होती. यांचे दुकान मात्र उघडे होते आणि कात्री चालू होती. सासूबाई मालनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी माझे ब्लाऊज नेण्यासाठी तेथेच बसले होते.

“ठेव ती कात्री,” मालनबाई म्हणाल्या. “पोटुशी बाई ग्रहणात सुईसुद्धा धरत न्हाई.”

“आई, उद्या भाऊबीज आहे. बायकांनी अंगात काय घालायचं, ग्रहण?”

“जीभ लई चालती तुझी.”

“कात्रीबी चालती. दोन्ही धारेला लावलेल्या आहेत.”

मालनबाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही तरी सांगा हिला, चांगुणाबाई.” आमच्या घरात ग्रहण पाळत नाहीत. छप्पन्न सालच्या धर्मांतरापासून माझ्या सासऱ्यांनी ते सर्व सोडून दिले होते. मी तसे सांगितले, तेव्हा मालनबाई निघून गेल्या. त्या दिवशी सूर्य ग्रहणातच मावळला आणि शिवकन्याबाईंनी शेवटचा ब्लाऊज अंधार पडल्यावर गिऱ्हाइकाच्या हाती दिला.

जानेवारी महिन्यात त्यांना सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. मुलगी धडधाकट होती. तिच्या डाव्या हाताच्या करंगळीच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक बोट होते. त्याला पेर होते, नखही होते, आणि बाळ मूठ मिटत असे तेव्हा तेही इतर बोटांबरोबर मिटत असे. बघायला आलेली एक बाई समजुतीने म्हणाली, “भाग्याचं बोट आहे, लक्ष्मी येईल घरात.”

शिवकन्याबाईंनी पडल्या पडल्या उत्तर दिले, “लक्ष्मी न्हाई आन् अवदसाबी न्हाई. बोट आहे.”

मालनबाईंनी मात्र तो हात पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी नातीला मांडीवर घेतले नाही. घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला. ग्रहणात जे कापले, ते पोरीच्या हाताला फुटले. सव्वा महिन्यानंतर बारसे व्हायचे होते. त्या दिवशी मदिना बी येऊन त्या बोटाला काळा दोरा बांधतील, म्हणजे ते वाळून गळून पडेल. मदिना बी या आमच्या गावच्या जुन्या सुईण. दवाखाना नव्हता तेव्हा निम्मे गाव त्यांच्या हातांवर जन्मले. दोरा बांधून झाल्यावर शिवकन्याबाईंनी जमलेल्या भावकीसमोर दोष कबूल करून पाया पडायचे आणि पुन्हा कात्रीला हात लावायचा नाही. एवढे सांगून मालनबाईंनी दुकानाला कुलूप घातले आणि चावी कमरेला खोचली.

शिवकन्याबाईंचे यजमान, ज्यांना सारे गाव पप्पू म्हणते, टेम्पो चालवितात आणि जालन्याहून दुकानदारांची बियाण्यांची पोती आणतात. माणूस सरळ आहे, परंतु आईपुढे त्यांचा आवाज निघत नाही. भिंतीपलीकडून मला त्यांचे बोलणे स्पष्ट ऐकू येत असे.

“एकदा म्हण ना चुकलं म्हणून. तोंडाचं काय जातं?”

“तोंडाचं काहीच जात न्हाई. हाताचं जातं. माझं काम जातं, आन् पोरीला जन्मभर सांगतील की आईनं तुझा हात बिघडवला.”

“मंग काय करायचं?”

“खरं काय ते विचारायचं. विचारायला कुणाच्या बापाची भीती आहे?”

माझ्या भावाची मुलगी संध्या जालन्यात लहान मुलांची डॉक्टर आहे. मी तिचे नाव सुचविले. पप्पू पोती भरण्यासाठी जाणारच होते, म्हणून बाळाला लस द्यायची आहे असे घरी सांगून आम्ही टेम्पोतूनच निघालो. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाणे कंपन्यांच्या कचेऱ्यांच्या गर्दीत तिचा दवाखाना आहे.

संध्याने बाळाचा हात उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग हृदय तपासले, पाय पाहिले, तोंडात पाहिले. बाकी सर्व ठीक असल्याचे तिने आधी सांगितले आणि नंतर विचारले, “ग्रहण कितव्या महिन्यात होतं?”

“सहाव्या,” शिवकन्याबाई म्हणाल्या.

“हाताची बोटं दुसरा महिना संपेपर्यंत सुटी झालेली असतात. तुम्ही कात्री धरली तेव्हा हे बोट कधीच तयार होऊन पोटात बसलेलं होतं. जे आधीच झालंय, ते नंतरच्या कात्रीनं कसं होईल?”

शिवकन्याबाईंनी यजमानांकडे पाहिले. यजमानांनी भिंतीवरील कॅलेंडरकडे पाहिले.

त्यानंतर संध्याने जे समजावून सांगितले, ते मी माझ्या समजुतीप्रमाणे येथे लिहिते. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत शरीर कसे घडवायचे याच्या सूचना असतात. त्यांना जनुके म्हणतात. जवळजवळ प्रत्येक सूचना आपल्याकडे दोनदा असते. एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एखाद्या सूचनेत कधीकाळी बदल झालेला असतो आणि तो पिढ्यानपिढ्या पुढे जातो. काही बदल असे असतात की चांगली दुसरी प्रत असली तर ते दबून राहतात. काही मात्र असे असतात की एकच प्रत बदललेली असली तरी शरीरावर दिसतात. असे जादा बोट पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारचे असते.

“म्हणजे चूक कागदी कटिंगमध्ये आहे,” शिवकन्याबाई म्हणाल्या. “कापडाचा दोष न्हाई आन् कात्रीचाबी न्हाई.”

संध्या हसली. “चूक म्हणू नका, बदल म्हणा. आणि तुमच्याकडे एका मापाचा कागद एकच असतो, इथे दोन असतात. आईजवळच्या दोनांपैकी एक आणि बापाजवळच्या दोनांपैकी एक बाळाकडे जातो. कुठला जाईल ते नाणं उडवल्यासारखं. नाणं प्रत्येक बाळाच्या वेळी नव्यानं उडतं. आधीच्या वेळी काय पडलं होतं, ते त्याला आठवत नाही.”

मग तिने एक कागद घेतला. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, ज्याला ते लक्षण असेल तो भरून काळा करायचा. घराण्यातून एखादी गोष्ट कशी उतरते याचा अभ्यास असाच सुरू होतो, असे ती म्हणाली. बाळाचा गोल तिने काळा केला आणि विचारले, “दोन्ही घरांत आणखी कोणाला?”

शिवकन्याबाईंच्या माहेरी कोणालाच नव्हते. पप्पूही ठामपणे म्हणाले, “आमच्यात तर बिलकुल न्हाई.”

“हात दाखवा तुमचा.”

त्यांनी हात पुढे केला. करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढी एक गाठ होती. संध्याने ती अंगठ्याने दाबून पाहिली.

“हे काय आहे?”

“चामखीळ आहे. लहानपणापासूनची. आई सांगती.”

“दुसऱ्या हातावर?”

दुसऱ्या हातावर काहीच नव्हते. संध्याने पहिला हात पुन्हा जवळ घेतला. मग म्हणाली, “बाळाच्या मऊ, बिनहाडाच्या बोटाला दोरा बांधला की ते गळून पडतं आणि नेमक्या याच जागी अशी गाठ राहते. तुमच्या बाबतीत तसंच झालं का, हे मी शपथेवर नाही सांगू शकत. ते सांगू शकतील त्या तुमच्या आई.” तिने पप्पूंचा चौकोन अर्धा काळा केला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढले. “पण या बाळाच्या बोटात हाड आहे. इथे दोरा बांधाल तर बोट सडेल, जंतू भिनतील. काढायचंच असेल तर मोठी झाल्यावर शस्त्रक्रियेनं काढता येतं. न काढलं तरी काहीही बिघडत नाही.”

परत येताना पप्पूंनी पोती भरून घेतली. अंबड ओलांडल्यावर पप्पू म्हणाले, “घरी आईला काही बोलू नको. तिला बीपी आहे.”

“आन् मला काय आहे? महिनाभर घरात चोर होऊन बसले, तवा न्हाई कुणाला माझा बीपी मोजावा वाटला.”

“चांगुणामावशी, तुम्हीच सांगा हिला.”

“मला का मधे घेता, भाऊ? तुमचा हात, तुमची आई,” मी म्हणाले.

“तुमचा हात तुम्ही खिशात घाला,” शिवकन्याबाई म्हणाल्या. “माझ्या पोरीचा हात मी झाकणार न्हाई.”

बारशाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरले. पप्पूंची बहीण प्रिया शहागडहून नाव घेऊन आली होती, कारण बाळाचे नाव आत्याने ठेवायचे असते. पाळण्याला फुगे बांधलेले होते. मालनबाईंच्या हातात काळ्या दोऱ्याची गुंडी होती. मदिना बी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता त्यांना नीट दिसत नाही, म्हणून नातसून धरून घेऊन आली होती.

“पहिले दोरा, मंग नाव,” मालनबाई म्हणाल्या. “आण पोरीला.”

शिवकन्याबाईंनी बाळ मदिना बींच्या मांडीवर दिले. मला आश्चर्य वाटले. मदिना बींनी ते बोट दोन बोटांत धरून चाचपले आणि मान हलविली.

“इसमे हड्डी है. मै नै बांधती.”

“बांधा की. किती जणांचे बांधले तुम्ही,” मालनबाई घाईने म्हणाल्या.

“वो अलग था, मालनबाई. पप्पू का तो नरम था, जरासा. ये पूरी उंगली है.”

मदिना बींना आपण काय बोललो ते लगेच उमगले असावे, कारण त्यांनी पदर ओढून घेतला. प्रिया म्हणाली, “दादाचं? दादाचं काय नरम होतं?” पप्पू दाराशी उभे होते. एवढ्या दिवसांत प्रथमच ते आपणहून पुढे आले आणि त्यांनी डावा हात आईसमोर धरला.

“आई, ही चामखीळ न्हाई ना?”

मालनबाईंनी तोंड फिरविले. तेव्हा शिवकन्याबाईंनी विचारले, आणि त्यांचा आवाज मोठा नव्हता. “यांच्या वेळी तुम्ही काय कापलं होतं, आई?”

त्या प्रश्नाने मालनबाई जणू फुटल्या.

“काहीच न्हाई कापलं! त्या वर्षीबी दिवाळीतच ग्रहण आल्तं. मी अंधाऱ्या खोलीत पाय लांब करून बसले. कूस बदलली न्हाई, पाण्याचा घोट घेतला न्हाई, नखानं अंग खाजवलं न्हाई. सगळं बराबर पाळलं. तरी आलं! मंग मी कुणाला सांगू? ह्या बीला म्हणलं, जल्दी बांधा, कुणाला कळू देऊ नका.”

“का लपवलंत?” शिवकन्याबाईंनी विचारले.

मालनबाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि आपला हात गोधडीवर ठेवला. त्यांच्या करंगळीच्या मुळाशीही तशीच गाठ होती, सुरकुत्यांत जवळजवळ बुडालेली.

“मला हे आलं, तवा माझ्या मायनं ग्रहणात भोपळा चिरला म्हणून तिला पावसाळाभर गोठ्यात ठेवलं. मला कळायला लागलं तवापासून मी तिची खाली मानच पाहिली. मला वाटलं तिचंच पाप माझ्यात उतरलं, आन् माझ्यातून पोरात. हे सासरी कळलं असतं, तर मलाबी गोठाच होता.”

शिवकन्याबाई सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसल्या.

“तुमच्या वडिलांचा हात पाहिला होता का कुणी?”

“त्यांचा हात? त्यांचा हात कोण पाहील?”

“तेच म्हणते मी. भोपळा पाहिला, कात्री पाहिली, बाईचं सगळं पाहिलं. आईकडनं आलं का बापाकडनं, हे विचारायला त्यांचा हात कुणी उलटा करून पाहिला न्हाई. तुमच्या आईनं पाप केलं न्हाई. तुम्ही केलं न्हाई. मीबी केलं न्हाई. हे रक्तातनं येतं, आन् यायचं का न्हाई ते कुणाला विचारून येत न्हाई.”

मालनबाईंनी आपल्या हाताकडे पाहिले. नंतर त्यांनी कमरेची चावी काढली आणि सुनेच्या पुढ्यात टाकली. “घे. उघड तुझं दुकान.”

शिवकन्याबाईंनी चावी उचलली नाही.

“अशी न्हाई घेणार. आळ गावात गेलाय. पेठेत प्रत्येक बाई म्हणते की ग्रहणाच्या कात्रीनं पोर बिघडलं. कुलूप तुम्ही चारचौघांत लावलं. ते चारचौघांतच तुमच्या हातानं निघंल, आन् का निघालं ते तुम्ही तोंडानं सांगाल.”

“सासूला गावात उभी करती का?” भावकीतील एक बाई म्हणाली.

“मला सव्वा महिना उभं केलं, तवा तुम्ही कुठं बसल्या होत्या, काकू?”

मालनबाई उठल्या, चावी उचलून पुन्हा कमरेला खोचली आणि स्वयंपाकघरात गेल्या. प्रियाने घाबरत घाबरत बाळाच्या कानात ईश्वरी हे नाव सांगितले. घुगऱ्या वाटल्या गेल्या. मी शिवकन्याबाईंना बाजूला घेऊन म्हणाले की, जिंकलात, आता ताणू नका. त्या म्हणाल्या, “मावशी, घरात जिंकून काय करू? गिऱ्हाईक घरात येत न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून त्या बाळाला घेऊन बंद दुकानाच्या पायरीवर बसू लागल्या. कात्री आणि मशीन आत कोंडलेली होती. त्या हाताने हुक लावीत, काजे करीत, लोकांच्या साड्यांना फॉल लावीत. दोरा दातांनी तोडीत. बाळाचे दोन्ही हात दुपट्याबाहेर असत. येणारी-जाणारी चोरून पाहू लागली की त्या म्हणत, “लांबून कशाला? जवळ येऊन मोजा.” कित्येक जणी खाली मान घालून निघून जात. काही जवळ बसत आणि मग त्यांना सर्व ऐकावे लागे. दुसरा महिना, आईचा एक कागद, बापाचा एक कागद, नाणे. कोणाला पटे, कोणाला पटत नसे. एका म्हाताऱ्याने पप्पूंचा हात धरून ती गाठ पाहिली आणि आपल्या घरातील एका चुलत्याचे नाव काढले, पण पुढे बोलला नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी पायरीवर त्यांच्याजवळ बसले होते. मालनबाई भाजीची पिशवी घेऊन समोरून जात होत्या. रोज त्या पलीकडच्या कडेने जात, त्या दिवशीही तशाच निघाल्या होत्या. तेवढ्यात बाहेरगावची एक बाई पायरीजवळ थांबली. तिने बाळाला पाहिले आणि आपल्या गरोदर मुलीला मागे ओढले.

“चल इथून. हीच ती. ग्रहणात कात्री धरली म्हणून पोरीला असं झालं. हिच्या सासूनंच सांगितलंय.”

शिवकन्याबाईंनी सुई थांबविली. त्या रस्त्यापलीकडे बघत होत्या. मालनबाई जागीच थांबल्या होत्या. मग त्या रस्ता ओलांडून आल्या, पिशवी खाली ठेवली आणि आपला डावा हात त्या बाईच्या डोळ्यांसमोर नेला.

“मी ती सासू. ही गाठ दिसती का? इथं माझं सहावं बोट होतं. बांधून पाडलं. हेच पोराला गेलं, पोराकडनं नातीला आलं. माझ्याकडनं आलंय ते. कात्रीचा काय संबंध?”

“मी आपलं ऐकलं होतं, मावशी...”

“माझ्याकडूनच ऐकलं होतं ना? मंग आता हेबी माझ्याकडूनच ऐक. आन् माझी माय भोपळा चिरत होती, पाप करत नव्हती. हेबी तुझ्या गावात सांग.”

भोवती पाच-पन्नास माणसे जमली होती. मालनबाई पायरी चढल्या. कुलूप एवढ्या दिवसांत धुळीने जाम झाले होते, चावी फिरेना. शिवकन्याबाई मदतीला उठू लागल्या, तर त्यांनी कोपराने मागे सारले. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर ते निघाले. मालनबाईंनी दार ढकलले, कुलूप पिशवीत टाकले आणि जमलेल्या बायकांकडे वळल्या.

“काय बघून राह्यल्या? ब्लाऊज शिवायचे न्हाईत का कुणाला?”